इरिटेटिंग म्हणजे केवढं?

मला चीड यायला कारण लागत नाही. लागलंच तर पनवेल पुरवतं. माझा इंग्रजी बोलण्याचा वर्ग जुन्या पनवेलमध्ये, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर आहे. मी वर ‘सायलेन्स’ या शब्दाचा अर्थ समजावत असले की खाली नेमकी पातेल्यांची चळत कोसळते. जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने उलटं खाली जायचं. खिडकी उघडली तर कबुतरं आत, बंद केली तर जीव बाहेर. आणि या सगळ्याबद्दल घरी जाऊन बोलावं, तर नवरा पेपरातून डोकं वर न काढता ‘हं’ म्हणतो. त्या ‘हं’चीही मला चीड येते.

इंग्रजीत या सगळ्यासाठी एक सोयीचं विशेषण आहे, इरिटेटिंग. गेली काही वर्षं मी मुख्यतः तेच शिकवत आले आहे.

त्याचं कारण विमानतळ. होणार, होणार म्हणता म्हणता आमच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले आणि एकदाचा तो झाला. त्याच्या आगेमागे तालुक्यातल्या पोरापोरींना नोकऱ्यांची स्वप्नं पडायला लागली आणि ती स्वप्नं माझा अरुंद जिना चढून वर आली. काउंटरवरच्या, मदत कक्षातल्या, दुकानांतल्या नोकऱ्या. मुलाखत इंग्रजीत. आणि मुलाखत कुणाचीही असो, एक प्रश्न ठरलेला असे: तुमच्या आयुष्यातला एखादा इरिटेटिंग प्रसंग सांगा आणि तुम्ही तो कसा हाताळलात ते सांगा. उमेदवार चिडका आहे की सोशिक, हे बघायची ही त्यांची रीत.

म्हणून मी वर्गात एक नियम केला होता. आत येणाऱ्याने दारात उभं राहून त्या दिवशीची एक कटकट इंग्रजीत सांगायची आणि मगच बसायचं. तक्रार करताना माणूस व्याकरणाला भीत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. ‘माय नेम इज’च्या पुढे न जाणारी मुलं शेजाऱ्याच्या ड्रिल मशीनवर घडाघडा बोलायची. खारघरच्या टॉवरमधून येणारी मुलं तर या बाबतीत गर्भश्रीमंत. लिफ्ट बंद होती, वायफाय गेलं, पार्सलवाल्याने दोनदा बेल वाजवली, वॉचमनने नाव विचारलं. त्यांच्याकडे कटकटींचा कधी तुटवडा पडला नाही.

ती आली तीच मुळी दारात अडली.

तिशीला टेकलेली, केस चापूनचोपून बांधलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. सकाळी उरण नाक्याजवळच्या मासळी बाजारात सासूच्या जागेवर बसायची आणि दुपारी लिंबाने हात घासून वर्गाला यायची. तरीही सगळ्यांत मागे, खिडकीपाशी बसायची. वास कुणाला त्रास देऊ नये म्हणून. सासरचे मूळचे शेतीवाडीचे आणि मिठागरांचे लोक. त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि घरं उचलून नव्या प्लॉटवर बसवली गेली. नवरा टेम्पो चालवायचा. ती बारावी झालेली होती आणि तिला मदत कक्षात उभं राहायचं होतं.

“का गं? तिथेच का?” मी विचारलं होतं.

“आमचं घर व्हतं ना मॅडम तिथं. आता लोक येतील, त्यांना नाय समजनार कुठं काय हाय. मी सांगीन.”

एवढी साधी इच्छा मी त्या वर्गात दुसऱ्या कुणाची ऐकली नव्हती. बाकीच्यांना विमानात बसायचं होतं, दुबईला जायचं होतं, निदान कोट घालायचा होता. हिला आपल्या जुन्या जागेवर उभं राहून लोकांना वाट सांगायची होती. त्यात वयाची अट होती आणि ती अटीच्या अगदी काठावर होती. पुढचा वाढदिवस उलटला की तिचा अर्ज कुणी हातात धरला नसता. त्यामुळे तिला घाई होती, आणि तिची घाई मलाही लागली.

पण ती दारात उभी राहायची आणि कटकट सांगायचीच नाही.

“मना काय नाय इरिटेटिंग, मॅडम.”

“असं कसं? सकाळपासून एकदाही चिडली नाहीस?”

“चिडली ना. एक बाई पापलेटाचे कल्ले उघडून उघडून बघत व्हती. धा पापलेटं बघली आनि सोडून गेली. मी तिला दोन शबुद बोलली.”

“मग तेच सांग की!”

“आता कुठं हाय राग? तवाच सपला.”

मुलं हसली. मला हसू आलं नाही, कारण ती खरं बोलत होती. बाजारात राग तिथल्या तिथे, ताजा ताजा खर्च करायची पद्धत. तो जपून घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीत सांगायचा असतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला.

“नव्या घरी पाणी कधी येतं?”

“एक दिस आड.”

“मग? ते इरिटेटिंग नाही?”

“येतं ना पन.”

पुन्हा हशा. मी टेबलावर डस्टर आपटला. चीड मला आली होती, तिला नाही. आणि नोकरी तिला हवी होती, मला नाही. असं कितीतरी दिवस चाललं. मी तिला न विचारता आत घेऊ लागले, आणि ती नियम मोडल्यासारखी मान खाली घालून खिडकीशी जाऊन बसायची.

मग एका दुपारी ती दारात आपणहून थांबली. ओठांवर वाक्य जुळवून आणलेलं दिसत होतं.

“यस्टरडे माय मदर-इन-लॉ गो टू ओल्ड हाऊस,” ती म्हणाली. “नो हाऊस. शी सर्च. इट इज लिटल इरिटेटिंग.”

सासूचे गुडघे गेले होते आणि हळूहळू डोक्यातलंही निसटायला लागलं होतं. ती म्हातारी सकाळी उठून, काठी टेकत, जुन्या घरी जायला निघाली होती. पुढे विमानतळाची भिंत. भिंतीला धरून धरून ती चालत राहिली आणि दार शोधत राहिली. शेवटी तिथल्या एका वॉचमनने तिला रिक्षात घालून परत पाठवलं. हे सगळं नंतर मराठीत कळलं. त्या क्षणी वर्गात फक्त ते मोडकं वाक्य होतं, आणि लिफ्ट बंद असल्याचं दुःख सांगून बसलेली मुलं आपापल्या मोबाइलकडे बघत होती.

मास्तरकी वाईट असते. मी तिला आधी ‘गो’चं ‘वेंट’ करून दिलं.

मग मी फळ्याशी गेले आणि मापं समजावली. चिमटीएवढं असेल तर अ‍ॅनॉइंग. तळहाताएवढं असेल तर इरिटेटिंग. दोन्ही हात पसरावे लागले तर फ्रस्ट्रेटिंग. त्याच्या पुढचं मुलाखतीत बोलायचंच नाही. तिने माझ्या पसरलेल्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, “मंग सासूचं?”

“सासूचं त्यात बसत नाही.”

“मंग त्यांना केवढं चालतं?”

मला या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं, आणि ते देताना मला लाज वाटली. मी म्हटलं, “बस उशिरा आली, एवढं.”

तसं आम्ही उत्तर तयार केलं. एकदा ती बसथांब्यावर उभी होती, बस उशिरा आली, ते फार इरिटेटिंग होतं, पण तिने शांत राहून शेजारच्या आजींना जागा दिली. आजी माझी भर. मुलाखत घेणाऱ्यांना आजी आवडतात. तिने ते उत्तर पाठ केलं. बाजारात बर्फ फोडताना म्हणायची, टोपल्या धुताना म्हणायची. चौथीतली तिची मुलगी इंग्रजी शाळेत होती, ती घरी उच्चार तपासायची. पंधरवड्यात उत्तर इतकं गुळगुळीत झालं की मीच कधी कधी त्या बसची वाट बघायला लागायचे.

पहिली मुलाखत खारघरला एका संस्थेच्या हॉलमध्ये होती. दुपारी ती वर्गात आली तेव्हा मी शिकवणं थांबवलं.

“विचारलं?”

“इचारलं.”

“सांगितलंस?”

“नाय.”

“विसरलीस?”

“पाठ व्हता ना. इसरेन कशी? सकाली पयला नंबर माजाच लागला. त्यांचा पन पयला मानूस मीच. मी खुर्चीत नीट बसली पन नाय तवर त्यो सर इचारतो, इरिटेटिंग काय ते सांग. भवानीच्या टायमाला कटकट कशी सांगू मॅडम? मी बोलली, नो सर, नो इरिटेटिंग, ऑल गुड.” आणि वर, “नाट लागंल ना दिसभर. त्यांना पन.”

बाजारात भवानी होईपर्यंत, म्हणजे पहिला सौदा होईपर्यंत, कुणी वाकडं बोलत नाही हे मला माहीत होतं. पहिलं गिऱ्हाईक पापलेटाला खुशाल शिळं म्हणो, अर्ध्यात मागो. सकाळच्या त्या पहिल्या वेळेला एरवीची तोंडाळ मासेवाली गोड हसते आणि देऊन टाकते. त्यानंतर दिवसभर ती जिभेची तलवार चालवायला मोकळी. पण ही रीत घेऊन कुणी वातानुकूलित हॉलमध्ये नोकरीच्या मुलाखतीला बसेल, हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

“अगं, नोकरीची मुलाखत होती ती! बोंबलाचा वाटा नव्हता!” मी ओरडले. खालची पातेलीसुद्धा त्या वेळी गप्प होती, त्यामुळे माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार.

तिला वाईट वाटलं होतं, पण चुकलं असं वाटत नव्हतं. घरी जाताना मला आठवलं की माझा नवरा सकाळी बाहेर पडताना चुकून ‘जातो’ म्हणाला तर मी त्याला उंबऱ्यातून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावते. एम. ए. इंग्रजी झालेली बाई मी. मी कुठल्या तोंडाने तिला हसणार होते? त्या हॉलमधल्या लोकांनी तिला सांगितलं होतं म्हणे की तिने आणखी मोकळं व्हायला हवं. तिने त्यांचा सगळा दिवस वाचवला होता आणि त्यांना ते कधीच कळणार नव्हतं.

पुढची मुलाखत काही महिन्यांनी होती आणि ती तिच्यासाठी शेवटची होती. तेवढ्यात मला तोड सापडली. बसल्या बसल्या आधी एक गोड वाक्य आपणच बोलून टाकायचं: गुड मॉर्निंग सर, टुडे इज अ व्हेरी गुड डे फॉर मी. ती भवानी. मग कटकट सांगायला हरकत नाही. तिला हे पटलं, पण तिने निर्णय स्वतः घेतला नाही. घरी जाऊन सासूला विचारलं. म्हातारीला स्वतःचं घर सापडत नव्हतं, पण या बाबतीत तिचं डोकं लख्ख होतं. ‘गोर बोलून घेतला का झाली भवानी,’ म्हणजे गोड बोलून घेतलं की भवानी झालीच, असा तिने निवाडा दिला. मी मनातल्या मनात त्या म्हातारीला नमस्कार केला.

मग तयारी नव्याने सुरू झाली. बसचं उत्तर तर होतंच. पण उलटून आणखी एक विचारलं तर दुसरं हवं, म्हणून मी तिला रोज एक छोटी कटकट आणायला लावली. सक्त ताकीद, तळहाताएवढीच. आणि ती आणू लागली. पिशवी फाटली, इट वॉज इरिटेटिंग. रिक्षावाल्याकडे सुटे नव्हते, इट वॉज इरिटेटिंग. मुलीने डबा अर्धा परत आणला, शेजारणीने आपल्या दारात पाणी ओतलं. मला कोण आनंद! दारात उभी राहून ती खणखणीत बोलायची, आणि खारघरची मुलं टाळ्या वाजवायची. तिचं इंग्रजी खरोखर सुधारत चाललं होतं. वाट सांगण्याची वाक्यं तर ती माझ्यापेक्षा छान म्हणायची: गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट, इट इज नेक्स्ट टू द लिफ्ट.

एकदा वर्ग सुटल्यावर ती मागे राहिली.

“मॅडम, आता मना सगलाच इरिटेटिंग वाटतंय.”

“म्हणजे?”

“पयलं नव्हता दिसत. आता सकाली उठली का दिसतंच. नलाला पानी नाय, ते दिसतं. नवऱ्याचा घोरना दिसतं. सासू तेच तेच इचारते, घरी कवा जायचा, घरी कवा जायचा. पयलं मी बोलायची, जाऊ, जेवून जाऊ. काल मी तिच्या आंगावर वरडली.”

मी तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नोकरी लागली की सगळं ठीक होईल, असलं काहीतरी. पण मला बरं वाटलं नाही. तो शब्द मी तिला दारातून आत यायला दिला होता आणि तो तिच्या घरात जाऊन बसला होता.

दुसऱ्या मुलाखतीला मी तिच्याबरोबर गेले. तोच हॉल, बाहेर ओळीने लावलेल्या खुर्च्या, नको तितका थंडगार एसी. माझ्याच वर्गातला एक मुलगाही आला होता, खारघरचाच, तो तिच्या आधी आत जाऊन हसत बाहेर आला. त्याने लिफ्ट सांगितली होती. बाराव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद होती, इरिटेटिंग होतं, पण त्याने तो व्यायाम समजला. मी त्याला शाबासकी दिली, कारण ते उत्तर माझंच होतं.

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं. ती आली तेव्हा चेहरा असा उजळलेला की मी उभीच राहिले.

“बोलली, मॅडम! सगला बोलली.”

आम्ही रस्त्यापलीकडे रसवंतीत जाऊन बसलो. गुड मॉर्निंग झालं होतं, गुड डे झालं होतं. बस आली होती, आजींना जागा मिळाली होती. मग तिथल्या एका मॅडमनी हसून विचारलं होतं, हे छान, पण आणखी एखादा सांग, तुझ्या स्वतःच्या आयुष्यातला, अगदी खरा.

“मंग मी सासूचा सांगितला.”

मी ग्लास खाली ठेवला.

“ती घर शोधाला जाते, भिंतीला हात लावून लावून जाते, ते सगला. आनि आमचं घर पाडलं तवा ती उंबऱ्यावर बसलेली, मी तिला उचलली, ते पन. इंग्लिशमदी बोलली मॅडम. वेंट बोलली, गो नाय बोलली. शेवटला बोलली, इट वॉज इरिटेटिंग.”

“मग ते काय म्हणाले?”

“मंग सर बोलले, म्हंजे तुला विमानतलाचा राग हाय काय? मी बोलली, नो सर, नॉट अँग्री. ओन्ली इरिटेटिंग.” ती हसली. “बरोबर बोलली ना? राग मोठा, इरिटेटिंग लहान. तुमी शिकवलंय ना, तलहाताएवढं.”

मी म्हटलं, बरोबर बोललीस. दुसरं काय म्हणणार? पहिल्या खेपेला तिने काहीच नाही म्हणून सांगितलं तर ती मोकळी नव्हती. या खेपेला खरं सांगितलं तर ती तक्रारखोर ठरणार होती, जमीन गेलेल्यांपैकी एक, उद्या प्रवाशांसमोर काय बोलेल याचा नेम नाही अशी. मधली जी जागा असते, बस उशिरा येण्याएवढी, तिथे हिच्या आयुष्यातलं काही बसतच नव्हतं. आणि मी तिला त्या जागेवर बसायला शिकवत होते. रस गोड होता. तिने आपला संपवला आणि मुलीसाठी एक बांधून घेतला.

निवड झाली नाही. लिफ्टवाल्याची झाली. दोघांनाही निरोप मोबाइलवर एकाच दुपारी आला, वर्ग चालू असताना. तो मुलगा ओरडणार होता, पण त्याने तिच्याकडे बघितलं आणि मोबाइल खिशात घातला. तिने निरोप दोनदा वाचला. मग वही पिशवीत घातली, ‘सॉरी मॅडम’ म्हणाली, जिन्यावर कुणीतरी वर येत होतं त्याला वाट देऊन उलटी दोन पायऱ्या वर आली, आणि मग खाली गेली. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस झाला.

मी त्यानंतर दारातली कटकट बंद केली. मुलांनी विचारलं तर सांगितलं की वेळ जातो. वर्गही तसा आटतच चालला होता. मुलं आता मोबाइलवरच इंग्रजी शिकतात, आणि तो मोबाइल त्यांच्यावर ओरडत नाही. बाजारात मी तिच्या जागेकडे जायचं टाळत होते. एकदा गेले तर तिथे दुसरीच कुणी बसली होती. ती आता येत नाही, एवढंच ती नवी बाई म्हणाली. मलाही पुढे विचारवलं नाही.

मग या उन्हाळ्यात, एसटी स्टँडच्या बाहेर, रिक्षा मिळत नाही म्हणून मी करवादत उभी असताना कुणीतरी ‘मॅडम’ म्हणालं. राखाडी अंगरखा, पँट, छातीवर ठेकेदाराचं नाव असलेला बिल्ला. ओळखायला मला क्षणभर लागला.

“लागली मॅडम. विमानतलावर.”

माझा जीव हरखला. “कुठे? मदत कक्षात?”

“टायलेट साफ करायला. ठेकेदाराकडं वयाची अट नाय.” ती अगदी सहज बोलली. ठेकेदाराची गाडी स्टँडवरून बायकांना उचलते, तिची वाट बघत ती उभी होती. सासू गेल्या पावसाळ्यात वारली, म्हणाली. शेवटपर्यंत घरी कधी जायचं विचारत होती. मुलगी सहावीत गेली. काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून मी म्हटलं, “चला, निदान इंग्रजी तरी उपयोगी पडत असेल.”

“नाय ना. आमाला बोलायची बंदी हाय. पॅसेंजरशी बोलायचा नाय. कोनी काय इचारलं तर नुसता हात दाखवायचा, सुपरवायझरनं सांगितलंय.”

ती रस्त्याकडे बघत, गाडी येते का बघत, बोलत राहिली.

“परवा एक म्हातारी आली मॅडम. साहेबीन वाटत व्हती. मना इंग्लिशमदी इचारलं, तिचं गेट कुठं हाय. मना सगला समजला. उत्तर पन तयार, गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट, नेक्स्ट टू द लिफ्ट. तोंडात आला व्हता. पन सुपरवायझर तिथंच उभा. मी हात दाखवला. तिला नाय समजलं. तिनं परत इचारलं, हलू हलू, मोठ्यानं. मी परत हात दाखवला. मंग तिनं माज्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं मी मुकी हाय.”

गाडी आली. इतर बायका चढायला लागल्या. तिने पिशवी काखेत घेतली आणि पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे वळली.

“तिनं मना थँक यू बोललं मॅडम. आवाज नाय काढला, नुसते ओठ हलवले, मना समजावं म्हनून. मंग मी पन तसाच, ओठांनीच बोलली, यू आर वेलकम.”